हलका हात

इस्त्रीवाल्याने मुलीचा उजवा हात इस्त्रीच्या मेजावर पालथा ठेवला, मनगटावर आपला अंगठा हलकेच टेकवला आणि शर्टाच्या घडीत घालायचा पुठ्ठा तिच्या तळव्याखाली सरकवला. पुठ्ठा आत गेला आणि कुठेही न अडता पलीकडून बाहेर आला.

"सैल सोड हात," तो म्हणाला.

"सोडलाय की."

"अजून."

"बाबा, सोडलाय म्हटलं ना! हा असाच आहे."

काही आठवड्यांपूर्वी तळव्याखालून साधा कागद जायचा आणि पुठ्ठा कडेलाच अडायचा. आता मधलं बोट, करंगळी आणि त्या दोघांमधलं बोट अशी तिन्ही बोटं टोकांवर उभी होती आणि त्यांनी तळवा मेजावरून उचलून धरला होता. मेजावरची इस्त्री बंद होती, तिची वायर काढून खिळ्याला अडकवलेली होती. मुलगी दुकानात असली की इस्त्री बंदच असे. तरी त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळला.

"आता जाऊ खेळायला?" भिंगरीने विचारलं.

ती सहा वर्षांची होती आणि एका जागी बसणं तिला जन्मापासून माहीत नव्हतं, म्हणून घरात, शेजारीपाजारी, शाळेतसुद्धा सगळे तिला भिंगरीच म्हणत. खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं आणि बाईंनी ते पुकारलं की ती स्वतःच इकडेतिकडे बघायची.

"थांब जरा," तो म्हणाला, आणि पुठ्ठा उगाचच पुसू लागला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मध्ये पडदा, पडद्यापलीकडे संसार. इस्त्री तापली की नाही हे बघायला तो बोट पाण्यात बुडवून तिच्या पत्र्याला क्षणभर टेकवत असे. चुर्र झालं की समजायचं. त्याच्या बापाने हेच केलं आणि बापाला ज्याने धंदा शिकवला त्यानेही. धंद्यातल्या माणसाला त्यात कधी भाजत नाही, बोट कधी मागे घ्यायचं ते बोटालाच कळतं. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तो कपड्यांचा गठ्ठा द्यायला दारापर्यंत गेला. इस्त्री टाचेवर उभी होती. भिंगरीने वाटीतल्या पाण्यात बोटाऐवजी अख्खा पंजा बुडवला आणि अख्खा पंजा पत्र्याला टेकवला. मोठ्या माणसाचा हात आपोआप मागे येतो. तिचा आला नाही. ती जागच्या जागी उभी राहून ओरडली. तो मेजाच्या पलीकडे होता, आणि मेज ओलांडायला त्याला जन्म लागला असं त्याला अजून वाटायचं.

बायकोने तिला उचलून मोरीत नेलं आणि नळाखाली हात धरला. शेजारीण टूथपेस्ट घेऊन धावत आली, तिला बायकोने कोपराने दूर सारलं. पुढे डॉक्टरांनी त्याबद्दल तिला शाबासकी दिली. इस्त्रीवाला तोवर दुकानाच्या उंबऱ्यात बसून होता. हे कसं झालं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं मात्र नाही. बायको एकदा तरी तोंड सोडून भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुष्कळदा वाटे.

मग पट्ट्या, मलमं, दवाखान्याच्या फेऱ्या. जखम भरली तेव्हा दोघांना वाटलं, सुटलो एकदाचे. त्यानंतर डॉक्टरांनी त्यांना हाताच्या बाईंकडे पाठवलं. दवाखान्यात त्यांना थेरपिस्ट म्हणत. भिंगरीने पहिल्याच दिवशी त्यांना 'हाताच्या बाई' करून टाकलं आणि मग घरातही तेच नाव चाललं. बाई उंच, हडकुळ्या, थट्टेखोर आणि स्पष्टवक्त्या होत्या.

"जखम भरायचं काम शरीराचं होतं, ते त्याने केलं," त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. "आता पुढचं तुमचं. हा व्रण अजून वर्षभर, कदाचित दोन वर्षं आकसत राहणार. ती झोपलेली असेल, खेळत असेल, तेव्हासुद्धा. तो सुट्टी घेत नाही, म्हणून तुम्हालाही सुट्टी नाही. हात वाढणार, हाडं वाढणार, पण व्रण त्यांच्याबरोबर आपसूक वाढत नाही."

दिवसभर घालायचा घट्ट हातमोजा त्यांनी दिला आणि झोपताना बोटं सरळ बांधून ठेवणारी कडक पट्टी दिली. आणि दिवसातून तीनदा करायचं एक काम शिकवलं. क्रीम लावून व्रण चोळायचा, मग एकेक बोट हळूहळू मागे न्यायचं, लाल व्रण पांढरा पडेपर्यंत. पांढरा पडला की तसंच धरून ठेवायचं.

"ती रडेल. तुम्ही सोडू नका. ह्यात नुकसान होत नाही. नुकसान होतं ते न केल्याने."

बायको औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. म्हणून सकाळचं काम तिच्याकडे आलं, दुपारचं आणि संध्याकाळचं त्याच्याकडे.

पहिल्या दुपारी त्याने सांगितलं तसंच केलं. क्रीम लावलं, करंगळी धरली, मागे नेली. भिंगरी ओरडली. तोच आवाज. त्याच्या हातांनी त्याला न विचारता करंगळी सोडून दिली. भिंगरी ओरडायची थांबली आणि डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत राहिली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने हात पुढे करतानाच बजावलं, "कालच्यासारखं कर हं."

त्याने कालच्यासारखं केलं. मनात म्हणाला, आजचा दिवस जाऊ दे, जरा धीर आला की नीट करू. उद्याला काय तोटा असतो? उद्या रोजच येतो. ह्या उद्याउद्यात पाच महिने गेले. ते दोघं मेजाशी बसत, तो क्रीम चोळी, बोटं नुसती कुरवाळी, आणि तिला शाळेतल्या भांडणांचा वृत्तान्त विचारी. रविवारी बायको पडद्यापलीकडे स्वयंपाकघरात असली की भिंगरी हळूच विचारायची, "आता रडू?"

"थोडंसं रड," तो कुजबुजायचा.

मग ती डोळे मिचकावत असा काही हंबरडा फोडायची की त्याला हसू आवरेना. पलीकडून बायकोचा आवाज यायचा, "झालं गं राणी, झालंच बघ आता!" त्या वेळी त्याचं हसू घशातच राहायचं.

खरं रडणं सकाळी असे. बायको मुलीला मांडीत घेऊन बसायची, दात ओठांवर रोवायची आणि व्रण पांढरा पडेपर्यंत सोडायची नाही. भिंगरी तिला चावायची. "तू दुष्ट आहेस, बाबा चांगला आहे," म्हणायची. बायको हात धुऊन, डोळे पुसून, डबा घेऊन कामावर पळायची. एकदा ती त्याला म्हणाली होती, "तुमच्याकडे कशी लगेच गप्प होते हो? तुमचा हात हलका आहे. माझाच मेला जड." ती हे कौतुकाने म्हणाली होती. त्याने मान खाली घालून पँटची धार धरली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडून एका पँटवर दोन धारा पडल्या.

शेजारीण येताजाता सांगायची, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हो." ज्यांच्या घरी दगड आहेत त्यांनी ही म्हण वापरावी, असं त्याच्या ओठांवर यायचं. गिऱ्हाइकं विचारायची, मुलीचा हात कसा आहे? सुटतोय हळूहळू, तो सांगायचा. एका वकिलाने कोट घ्यायला आल्यावर आपल्या एका अशिलाची गोष्ट सांगितली आणि शेवटी टाळी मागत म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, काय?" इस्त्रीवाल्याने टाळी दिली नाही. वकील गेल्यावरही तो बराच वेळ कोटाचं हँगर हातात धरून उभा होता.

आणि आज पुठ्ठा आरपार गेला होता.

"ये इकडे," तो म्हणाला. "आज जरा नीट करू."

भिंगरीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मुलांना चेहरा वाचायला शिकवावं लागत नाही. ती एक पाऊल मागे सरकली.

"नीट म्हणजे?"

"म्हणजे बाईंनी सांगितलंय तसं."

"आईसारखं?"

त्याने तिला जवळ ओढलं, क्रीम लावलं आणि मधलं बोट धरलं. बोटाखालचा व्रण दोरीसारखा ताठ होता. तळव्यातून निघून बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत गेलेली ती दोरी महिन्यापूर्वी एवढी जाड नव्हती. त्याने बोट मागे नेलं. दोरी ताणली गेली आणि भिंगरीने श्वास आत घेतला. अजून ती ओरडली नव्हती. ती ओरडणार हे त्याला तिच्या आधी कळलं, आणि तेवढ्यानेच त्याची पकड सुटली.

"तू म्हणाला होतास, आपण असं नाही करायचं," ती म्हणाली. तिचा खालचा ओठ थरथरत होता. "तू म्हणाला होतास."

असं तो कधीच म्हणाला नव्हता. पण म्हणाला नव्हता असंही त्याला म्हणता येईना. त्याने तिला हातमोजा चढवला आणि खेळायला सोडलं. मग मेजाला टेकून उभा राहिला आणि आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला. दुपारभर त्याने एकाही कपड्याला इस्त्री केली नाही.

संध्याकाळी बायको आली. चपला काढता काढता म्हणाली, "उद्या तपासणी आहे, लक्षात आहे ना? मी अर्धा दिवस सुट्टी घेतलीय."

"आहे."

तिने पडद्याआड जाऊन हातपाय धुतले आणि टॉवेल हातात घेऊनच परत आली. खुर्चीत बसली नाही.

"अहो, एक विचारू? तुम्हाला तिचं ते मधलं बोट जास्त वाकलेलं वाटतं का हो?"

"मला?"

"मला वाटतं. आज सकाळी मी फार जोर लावला. कालही लावला. सरळ होत नाही म्हणून लावते, आणि लावलं की मला वाटतं आपणच काहीतरी तोडतोय आतलं." तिने टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "मला भीती वाटते. उद्या बाई काय म्हणतील ह्याची मला इतकी भीती वाटते, की कारखान्यात आज बाटल्यांना चुकीची लेबलं लावली मी. तुमच्याकडे दोन वेळा होतं म्हणून निदान..."

त्याला वाटलं, आता सांगावं. त्याने सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती ह्याची त्याला भीती नव्हती. तिने नुसतं बघितलं असतं आणि पुन्हा काही बोललीच नसती, तर?

"होईल ठीक," तो म्हणाला. "नको काळजी करूस."

दवाखान्यातल्या बाकावर त्यांच्या शेजारी एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आपल्या आईबरोबर बसली होती. तिच्या डाव्या हाताला ताजं बँडेज होतं. भिंगरीला बँडेजमधलं सगळं कळत असल्यामुळे तिने लगेच चौकशी केली.

"तुला पण इस्त्री लागली?"

"नाही. गरम दूध," ती मुलगी म्हणाली. "मी दोन वर्षांची होते."

"मग अजून बरं नाही झालं?"

मुलगी हसली. तिच्या आईने इस्त्रीवाल्याकडे बघून सांगितलं, "हे तिसरं ऑपरेशन. उंची वाढली की बोटं पुन्हा खाली ओढली जातात. मग पुन्हा सोडवायची. मांडीची कातडी काढून लावतात." ती बाजारभाव सांगावा तसं सांगत होती, सवयीने. इस्त्रीवाल्याने भिंगरीच्या मांडीकडे पाहिलं. फ्रॉकखाली गुडघ्यापर्यंतची ती बारीक मांडी बाकावरून लोंबत होती आणि पाय हलत होते. त्याला उठून बाहेर जावंसं वाटलं. तेवढ्यात आतून हाक आली.

हाताच्या बाईंनी हातमोजा काढला आणि हात खिडकीच्या उजेडात धरला. मग त्यांनी छोटासा कोनमापक प्रत्येक बोटाच्या सांध्याला लावून पाहिला. मधल्या बोटाला दोनदा लावला. त्यांच्या चेहऱ्यावरची नेहमीची थट्टा उतरत गेली. इस्त्रीवाला ते बघत होता आणि बायको त्याच्याकडे बघत होती.

"हातमोजा घालतेस ना गं?"

"हो. अंघोळ सोडून."

"रात्रीची पट्टी?"

"हो."

"आणि ताणायचा व्यायाम? तिन्ही वेळा होतो?"

प्रश्न आईबापांना होता. इस्त्रीवाल्याने तोंड उघडलं, पण भिंगरीने त्याच्या आधी उत्तर दिलं.

"होतो. सकाळी आई करते. आणि बाबा दुपारी करतो, आणि संध्याकाळी पण. रोज." तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. ह्या खोलीत तिचा बाप कशाला तरी घाबरला आहे हे तिला दिसलं होतं, आणि ती त्याच्या मदतीला धावली होती. "मी खूप रडते तेव्हा. पण तो सोडत नाही. व्रण पांढरा होईपर्यंत धरून ठेवतो."

बाईंनी कोनमापक खाली ठेवला.

"मग मला हे आवडत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "रोज तीनदा होऊनही जर इतकं आखडत असेल, तर हा व्रण ऐकणारा नाही. मी सर्जनशी आजच बोलते. वाट बघण्यात अर्थ नाही. बोट वाकलेलं राहिलं तर सांधाही धरेल."

"ऑपरेशन?" बायकोने विचारलं.

"ते सर्जन ठरवतील. पण मनाची तयारी ठेवा."

बायकोचे हात मांडीवर होते. तिने ते पदराखाली घेतले.

"मॅडम, माझ्याच हातून झालं का हे?" ती म्हणाली. "सकाळी मी जोर लावते. एकदा तर काहीतरी कट्‌ वाजल्यासारखं झालं. त्याने बिघडलं का? ह्यांचा हात हलका आहे, ह्यांच्याकडे ती रडतसुद्धा नाही फारशी. म्हणजे मीच..."

"नाही, नाही. जोर कमी लावा, पण त्याने असं होत नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवली. "रडत नाही? ती तर म्हणाली खूप रडते."

त्यांचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला होता, तो तिथेच थांबला. इस्त्रीवाला उठून उभा राहिला. उभं का राहिलो हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

"मी करत नाही," तो म्हणाला.

बाईंनी फोनकडे गेलेला हात मागे घेतला.

"दुपारचं आणि संध्याकाळचं. मी करत नाही, मॅडम. पहिल्यापासून. नुसतं क्रीम लावतो."

"करतो!" भिंगरी ओरडली. "बाबा करतो! आई, तो करतो, मी रडते, तू ऐकलंयस! रविवारी ऐकलंयस ना तू?"

बायकोने आधी मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. रविवारचे ते हंबरडे तिला एकेक करून आठवत असावेत. इस्त्रीवाल्याला वाटलं, आता इथेच ओरडावं हिने, चारचौघांत, मारावं. ती ओरडली नाही.

"पाच महिने मी सकाळी..." ती म्हणाली.

भिंगरीने डाव्या हाताने बापाच्या पोटावर एक गुद्दा मारला. "तू कशाला सांगितलंस?" तिच्या आवाजात रडू होतं. "मी सांगितलं होतं ना नीट!"

हाताच्या बाईंनी फोन बाजूला सारला आणि खुर्चीला पाठ टेकून एक लांब श्वास सोडला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

"बरं झालं?" तो म्हणाला.

"व्रण ऐकत नाही त्यापेक्षा बाप ऐकत नाही हे परवडलं. बापाचं काहीतरी करता येतं." त्या हसल्या नाहीत. "हा व्रण अजून कोवळा आहे. उशीर झालाय, नाही असं नाही. ऑपरेशन टळेलच असं वचन मी देणार नाही. पण आजपासून रोज तीनदा खरोखरीचं झालं, तर मी सहा आठवडे सर्जनना फोन करत नाही. बसा."

तो बसला.

"आता करा. माझ्यासमोर."

"तुम्ही करा ना मॅडम. तुम्हाला येतं."

"मी तिला महिन्यातून एकदा भेटते. रोज दुपारी तिच्याजवळ कोण असतं?"

बायको खुर्ची पुढे ओढू लागली. "द्या, मी घेते तिला."

"तुम्ही नको," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त शेजारी बसा. त्यांनाच करू दे."

बाईंनी क्रीमची डबी त्याच्याकडे सरकवली. त्याने बोट बुडवलं. क्रीम गार होतं आणि त्याच्या बोटावरून ते टेबलावर सांडलं, इतका त्याचा हात कापत होता. भिंगरीने आपला हात पाठीमागे लपवला. मग त्याचा हात कापताना बघून तिने काय ओळखलं कुणास ठाऊक, तिने तो पुढे केला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"कालच्यासारखं," ती कुजबुजली.

त्याने तळवा चोळला. अंगठ्याखाली ती ताठ दोरी लागली, ती त्याने मुळापासून टोकापर्यंत दाबत नेली. दाबायचं कसं, कुठे जोर द्यायचा आणि कुठे नाही, हे त्याच्या हातांना सगळं येत होतं. मग त्याने डाव्या हाताने तिचं मनगट पक्कं धरलं आणि उजव्या हाताने मधलं बोट मागे नेलं.

"अजून," बाई म्हणाल्या.

भिंगरी ओरडली. मेजापलीकडून आला होता तोच आवाज. पण ह्या वेळी मध्ये मेज नव्हतं, ती त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये होती आणि तिचा श्वास त्याच्या हनुवटीवर लागत होता. त्याचे हात सुटू बघत होते. ते त्याला स्पष्ट जाणवलं, आधी करंगळी सैल झाली, मग शेजारचं बोट. त्याने ती पुन्हा आवळली.

"व्रणाकडे बघा. चेहऱ्याकडे नको," बाई म्हणाल्या. "पांढरा झाला का?"

"नाही."

"मग अजून."

बायको शेजारी बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पण मुलीचे लाथा झाडणारे पाय तिने दोन्ही हातांनी धरले आणि आपल्या मांडीवर घेतले. भिंगरीने डोळे घट्ट मिटून घेतले होते. तोंड उघडं, नाक वाहणारं, मान मागे पडलेली. आधी ती नुसतीच किंचाळली, मग "आई, आई" म्हणाली, मग तिला शब्द फुटले.

"सोड! सोड मला! मी बाबाला सांगीन!" ती हुंदक्यांतून ओरडली. "माझ्या बाबाला नाव सांगीन तुझं!"

"सांग," इस्त्रीवाला म्हणाला, आणि त्याने बोट अजून थोडं मागे नेलं.